मदत हवी आहे : सव्वादोन वर्षांची लेक दिवसभर थांबत नाही, सांभाळणारे आजी-आजोबा थकलेत (कोल्हापूर)

लेकीचीआई

नमस्कार. माझी लेक सव्वादोन वर्षांची आहे. तब्येतीनं चांगली, बडबडी आणि डोळा उघडल्यापासून पळणारी. तिला गप्प बसवायचा उपाय मला नकोय, हे आधीच सांगते. ती पळते, चढते, उड्या मारते याचा आम्हाला आनंदच आहे. पण तिच्या पळण्याला घरात वाट कशी करून द्यायची आणि ते करताना तिच्या आजीची कंबर कशी वाचवायची, हे कळेना झालंय.

घर गंगावेशीजवळ. जुनं, सोपा-माजघर-स्वयंपाकघर असं सरळ लांब, आणि वर माडी. माडीचा जिना लाकडी आणि उभा, एका बाजूला कठडा नाही. मी एका पतसंस्थेत आहे, दहा ते सहा. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसऱ्या पाळीला त्याला घरी यायला रात्रीचे साडेअकरा होतात. दिवसभर लेक सासूबाई आणि मामंजींजवळ. सासूबाईंची कंबर धरलेली असते, मामंजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दोघंही कधी तोंडातून ब्र काढत नाहीत, पण मी संध्याकाळी घरात पाऊल टाकते तेव्हा सासूबाई भिंतीला पाठ लावून बसलेल्या असतात आणि हातातला चहा तसाच गार झालेला असतो. हे मला बघवत नाही.

उन्हाळ्यात निभून जायचं. मामंजी तिला सकाळी रंकाळ्यावर न्यायचे, संध्याकाळी मी पद्माराजे बागेत. वाटेत तालीम लागते. तिथली पोरं जोर-बैठका मारताना बघून ही घरी येऊन सोप्यात मधोमध उभी राहते, मांडीवर हात आपटून शड्डू ठोकते आणि आजोबांना म्हणते, "या! कुत्ती!" (म्हणजे कुस्ती). आजोबा कॉटवरून हात पुढं करतात, ही दोन्ही हातांनी तो हात ढकलत राहते, आणि आजोबा आडवे झाल्याशिवाय सोडत नाही. एवढं झालं की लगेच पुन्हा "या!"

आता पाऊस लागलाय. कोल्हापूरचा जुलै इथल्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस उघडीप नाही, कपडे वाळत नाहीत, सोप्यापर्यंत ओल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला, गेलं की गल्लीतली सगळी पाणी बघायला निघतात, तेवढीच काय ती तिची बाहेरची चक्कर, तीही कडेवर. बाकी दिवसभर घरात. मग जिना चढायचा, फळीवरचे डबे ओढायचे, न्हाणीतल्या बादलीत हात घालायचे. परवा ज्वारीचा डबा जमिनीवर पालथा केला आणि त्यातून अनवाणी चालत राहिली, पायाखाली दाणे सरकतात ते बघत. सासूबाई वाकून ज्वारी गोळा करत होत्या, तोवर ही जिन्याच्या चौथ्या पायरीवर.

जेवणाचं म्हणाल तर मोबाईल समोर असल्याशिवाय घास जात नाही. सासूबाईंचं म्हणणं, "निदान पोटात तरी जातंय की." त्यांचंही बरोबर आहे, त्या वेळेत त्यांना बसायला मिळतं. दूध मात्र आवडीनं पिते. मामंजी रोज गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून समोर काढलेलं म्हशीचं दूध आणतात, दिवसाकाठी लिटरभर तरी जातं, बाटलीनं.

दुपारी साडेतीनला झोपते, साडेपाच-सहाला उठते. रात्री साडेअकराशिवाय डोळा मिटत नाही. सकाळी नऊला उठते.

आणखी एक. घरी येणारी-जाणारी माणसं बोलून जातात. "पोरगीच्या जातीला एवढा दंगा बरा नव्हं." कुणी सांगतं हायपर आहे, दाखवून आणा. सासूबाई ते ऐकून हिला बसवून ठेवायला बघतात आणि मग दोघींचीही रडारड होते.

तर विचारायचंय असं की एवढं पळणं या वयाला असतंच का? पावसात, घरातल्या घरात, म्हाताऱ्या माणसांना न उठवता तिला कसं दमवायचं? झोपेची वेळ अलीकडे कशी आणायची? आणि आत्ताच पाळणाघरात किंवा प्लेग्रुपला घालावं का? सासूबाईंना ते अजिबात पटत नाही, "घरात माणसं असताना पोर बाहेर कशाला?" म्हणतात. त्यांचं मन न दुखवता काय करता येईल तेही सांगा.

राजारामपुरीकर

ताई, आमची पण अशीच होती, आता तिसरीत आहे. जिना आधी बंद करा. बाकी सगळं नंतर.

दोनलेकरांचीआई

एवढं पळणं असतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्यात एक-दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं लिहिलंय. तीन तास! आपल्याकडं पोर तीन तास हललं की लोक म्हणतात दंगेखोर. त्यातच झोप ११ ते १४ तास सांगितलीय, दुपारची धरून. तुमच्या लेकीची रात्रीची साडेनऊ तास, दुपारची दोन-अडीच, म्हणजे बारा झाले. झोप कमी नाहीये ताई, ती फक्त घड्याळात पुढं सरकलीय. हे कळलं की निम्मं टेन्शन जातं, माझं गेलं होतं.

सरकवायची कशी, तर संध्याकाळपासून नाही, सकाळपासून. नऊला उठणाऱ्या मुलीला दुपारी एकला झोप येणारच नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं आधी उठवा. जेवण पंधरा मिनिटं आधी, दुपारची झोप पंधरा मिनिटं आधी. दुपारी चारच्या पुढं झोपू देऊ नका, साडेतीनला तर मुळीच निजवू नका. पहिले काही दिवस संध्याकाळी चिडचिड होईल, ती निभवायला संध्याकाळी घरात तुम्ही दोघंही पाहिजेत. म्हणून नवऱ्याची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात सुरू करा.

शिरोलीवाला

ताई, मी पण फौंड्रीतच. दुसऱ्या पाळीचं दुखणं मला माहीत आहे. आमच्याकडं पण पोरगं बापाची वाट बघत जागं राहायचं आणि मी आलो की दीड तास दंगा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, दिवसभर भट्टीसमोर काढल्यावर पोरगं दारात उभं दिसलं की शीण जातो. पण ते पोरगं सकाळी आईला जड जायचं. मग आम्ही ठरवलं, दुसऱ्या पाळीला बापाची वेळ सकाळची. साडेसात ते दहा पोरगं माझ्याकडं. आंघोळ, न्याहारी, बाहेर एक फेरी, सगळं मी. रात्री मी आलो तर गाडी गल्लीच्या तोंडालाच बंद करून ढकलत आणायची, बेल वाजवायची नाही. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. आजी-आजोबांना पण सकाळचे अडीच तास मोकळे मिळतात. आजीच्या कंबरेला त्याचाच आराम पडेल.

बालवाडीबाई

मी पुष्कळ वर्षं बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मुलीला गप्प कसं करू असं तुम्ही विचारलं नाहीत.

या वयाच्या मुलाला दमवायचं तर नुसतं पळवून भागत नाही, पळून ती आणखी तापतात. त्यांना जड काम द्यावं लागतं. ढकलणं, ओढणं, उचलणं, वाहून नेणं. अंगाला जोर लागला की मूल आपोआप शांत होतं. आजोबांचा हात ढकलून आडवा करण्याचा तिचा खेळ आहे ना, तो हाच आहे. तिनं स्वतःच शोधून काढलाय. तो बंद करू नका, दिवसातून चार वेळा होऊ द्या.

आणि खेळ असा निवडायचा की मोठं माणूस बसलेलं आणि मूल फिरतं. सासूबाई कॉटवर बसल्यात. स्वयंपाकघरात बटाट्याची बुट्टी आहे. "एक बटाटा आण." ती पळत जाते, आणते. "आता दुसरा आण." सगळे आले की, "आता नेऊन ठेव." तुमचं घर लांबट आहे, सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चांगलं पळणं होतं. बटाट्यांनंतर कांदे, मग वाळलेले कपडे, मग चपला. माझ्याकडची मुलं यात अर्धा तास रमायची. खोटं खोटं काम नको, खरंच उपयोगाचं द्या. मुलांना फरक कळतो.

पोत्यात उशा भरून तोंड बांधा आणि सोप्यातून ओढत न्यायला सांगा. तिला आजोबांची गादी म्हणजे आखाडा, तिथंच कोलांट्या. जुन्या घराला तुळया असतात, मजबूत असेल तर सुताराला दाखवून कड्या बसवून घ्या आणि बुटका झोपाळा टांगा, जमिनीपासून वीतभरच उंच, खाली गादी. आजोबांनी कॉटवरून पायानं झोका द्यायचा, त्यांच्या गुडघ्यालाही तेवढाच व्यायाम, मात्र डॉक्टरांना विचारून.

ज्वारीत चालायला आवडतं म्हणता, तर ते तिला रोज द्या. मोठ्या परातीत थोडी ज्वारी, दोन वाट्या, एक पळी, खाली जुनी चादर. झालं की चादरीची चार टोकं धरून उचलायची, वाकून वेचायला नको. त्या वेळी जवळ कुणीतरी बसलेलं असू दे, दाणे नाकात घालतात पोरं. शेंगदाणे, फुटाणे, हरभरे मात्र खेळायलाही नाही आणि अख्खे खायलाही नाही, घशात अडकतात. शेंगदाण्याचं कूटच द्या.

पाऊस म्हणून बाहेर जायचं नाही असं करू नका. रिपरिप असेल तर रेनकोट, गमबूट घालून गल्लीत डबक्यात उड्या मारू द्या. घरी आल्यावर गरम पाण्यानं पाय धुवायचे, कपडे बदलायचे, झालं. पूर आलेला असताना किंवा गटार तुंबून वर आलेलं असताना मात्र त्या पाण्यात नको.

"पोरगीच्या जातीला" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत याच कोल्हापूरची. आपल्या गावात मुलीच्या अंगातल्या जोराला नावं ठेवू नयेत.

सिस्टर

मी बालरोग विभागात नर्स म्हणून काम करते. डॉक्टर नाही, पण रोज बघते म्हणून लिहिते.

दुधाचा मुद्दा कुणी घेतला नाही, म्हणून घेते. या वयाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिली दूध पुरे. लिटरभर म्हशीचं दूध पोटात गेल्यावर तिला भूक कुठून लागणार? मग घास जात नाही, मग मोबाईल. दुधात लोह फार कमी असतं, त्यात दुधानं बाकीचं जेवण मागं पडतं, म्हणून भरपूर दूध पिणाऱ्या गुटगुटीत मुलांमध्येही रक्त कमी निघतं. लोह कमी झालं की मूल किरकिरं होतं, झोप मोडत राहते. तुमच्या मुलीला तसं आहे असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाल तेव्हा हिमोग्लोबिन बघायला सांगा आणि दुधाचं प्रमाण आवर्जून सांगा, ते सांगायचं राहून जातं.

मामंजींचा दूध कट्टा बंद करू नका, त्यांच्या हौसेचं काम आहे. निम्मं दूध विरजणाला लावा. बाटली काढा, पेल्यानं द्या, आपोआप कमी जातं. जेवणाआधी दीड-दोन तास दूध नाही. आणि समोर काढलेलं असलं तरी उकळल्याशिवाय द्यायचं नाही.

जेवताना तिला हातानं खाऊ द्या. भाकरीचा तुकडा, मऊ शिजवलेली उसळ चेचून, मेतकूट-भात. अंगावर सांडेल, सांडू दे. नाचणीची आंबील पावसाळ्यात चांगली. मोबाईल एका झटक्यात काढू नका, आधी एका जेवणाचा काढा, ते जेवण तुम्ही घरी असताना, म्हणजे रात्रीचं. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त तासभर, तोही मोठ्यांच्या सोबत, असं सांगितलंय. झोपण्याआधी तासभर तर नाहीच.

हायपर म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. ते निदान सहसा चार वर्षांच्या आत करतच नाहीत. बघायचं काय, तर नाव घेतल्यावर वळते का, डोळ्यांत बघते का, बोट दाखवून वस्तू मागते का, दोन शब्द जोडून बोलते का, तुमची नक्कल करते का. "या, कुत्ती" म्हणणारी, पहिलवानांची नक्कल करणारी मुलगी आहे तुमची. यातलं एखादं जरी नसेल किंवा आधी येत असलेलं बंद पडलं, तर मात्र थांबायचं नाही, दाखवायचं.

न्हाणीतल्या बादल्या रात्रंदिवस पालथ्या ठेवा. एवढ्याशा मुलाला वीतभर पाणीसुद्धा धोक्याचं असतं.

कागलकर

प्लेग्रुपचं कुणी बोललं नाही. मी म्हणेन घाला. आमच्या पोराला दोन वर्षं पूर्ण झाल्यावर घातलं, सकाळी दोनच तास. घरच्यांना श्वास मिळतो.

बालवाडीबाई

कागलकर, घाई नको असं मला वाटतं. नव्या शैक्षणिक धोरणातही पायाभूत टप्पा तीन वर्षांपासून धरलाय. पावसाळ्यात लहान मुलं एकत्र आली की सर्दी-ताप घरोघर फिरतो, आणि इथं घरी वयस्कर माणसं आहेत. पण सासूबाईंना हात हवाच आहे. त्यापेक्षा ओळखीतली एखादी मुलगी दुपारी चार ते सहा घरी येऊन खेळवू शकते का बघा. मूल घरातच, आजीच्या नजरेसमोर, फक्त उठबस दुसऱ्याची. सासूबाईंना "तुम्हाला जमत नाही" असं वाटणार नाही, उलट देखरेख त्यांचीच राहील. दिवाळीनंतर, तिला अडीच वर्षं होऊन गेल्यावर, पाऊस सरल्यावर शाळेचा विचार करा.

दोनलेकरांचीआई

कागलकरांचंही अगदीच चूक नाही. माझ्या धाकट्याला प्लेग्रुपनं खूप फायदा झाला, बोलायला तिथंच लागला. पण तो उन्हाळ्यात गेला होता आणि घरी बघायला कुणीच नव्हतं. लेकीच्या आईकडं आजी-आजोबा आहेत, ते मोठं भांडवल आहे, ते थकू नयेत एवढंच बघायचं.

लेकीचीआई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवरा पाळीवरून आल्यावर सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचले. शिरोलीवाल्या दादांचं वाचताना नवरा मधेच म्हणाला, "सकाळ माझ्याकडं." पुढच्या आठवड्यात त्याची पहिली पाळी आहे, तेव्हा झोपेची वेळ सरकवायला घेतो. त्याच्या पुढच्या आठवड्यापासून सकाळ त्याची.

बटाट्यांचा खेळ सासूबाईंना लगेच पटला. आज दुपारी करून बघितला म्हणाल्या. बटाटे संपल्यावर लेकीनं फळीवरचा पाटा ओढायला बघितला म्हणून हाक मारावी लागली, पण तोवर त्या बसूनच होत्या आणि चहा गरम असताना प्याल्या. मला फोनवर पहिलं हेच सांगितलं त्यांनी.

दुधाचं मामंजींना मी सांगितलं नाही, सिस्टरांचं लिहिलेलं त्यांच्याच हातात दिलं. वाचून थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्धा लिटर आणतो, आणि उरलेल्या पैशात तिला अंडी." हिमोग्लोबिनचं शनिवारी डॉक्टरांना विचारणार आहे. बोट दाखवणं, नाव घेतल्यावर वळणं, दोन शब्द जोडणं सगळं आहे, त्यामुळं ती धास्ती गेली.

प्लेग्रुप दिवाळीपर्यंत नाही. पलीकडच्या गल्लीत एक बारावी झालेली मुलगी आहे, सासूबाईंच्या ओळखीतली. तिच्या आईशी सासूबाईच बोलणार आहेत.

जिना राहिलाय. दुकानात मिळणारं रेडिमेड फाटक आमच्या जिन्याला बसत नाही, एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसता खांब. सुताराकडून करून घ्यायचं तर काय काय सांगू?

राजारामपुरीकर

माझा सुतारकामाचाच धंदा आहे, म्हणून पहिल्यांदा जिन्याचंच लिहिलं. सांगतो.

फाटक खाली आणि वर दोन्हीकडं लागेल. माडीवर कुणी तिला घेऊन गेलं तर तिथूनच पडायची भीती जास्त. पट्ट्या उभ्या घ्या, आडव्या नकोत, आडवीवर पाय देऊन ही पोरगी चढणारच. दोन पट्ट्यांत पोरीचं डोकं शिरणार नाही एवढीच फट, चार बोटं फार झाली. उंची तिच्या गळ्याच्या वर जाऊ दे. वरचं फाटक जिन्याच्या बाजूला उघडता कामा नये, माडीच्या बाजूला उघडू दे. कडी पलीकडच्या अंगाला, खाली वाकून लावायची नको, आजींच्या हाताला उभ्यानं येईल अशी. भिंतीकडं बिजागरी दगडात बसणार, त्यासाठी आधी लाकडाची खुंटी ठोकून घ्यायला सांगा, नुसत्या स्क्रूवर राहत नाही. खांबाला मात्र स्क्रू चालतील, खांब सागवानी असेल तर आधी भोक पाडून मगच. आणि जिन्याच्या उघड्या बाजूला कठडा याच कामात करून टाका. पावसात लाकूड फुगतं, म्हणून फाटकाला खाली-वर बोटभर जागा ठेवायला सांगा, नाहीतर महिन्याभरात घासायला लागेल.